फुलपात्राचे तीन ठोके

ये अशी, जरा पुढे सरक. इतक्या लांब बसून बोललेलं मला ऐकू येत नाही आता. झाशी काही विलायतेत नाही, दोन-अडीच तासांची गाडी, तरी काकूकडे यायला तुला फुरसत नाही. तीन कार्डं लिहिली मी तुला. पहिल्याला उत्तर नाही, दुसऱ्याला नाही, तिसऱ्याला आलं ते एवढंसं, की ‘जिभेला फोड आहे, उष्णतेचा असेल, होईल बरा. आत्यासारख्या सुया टोचून घेऊन मला मरायचं नाही.’ वाचलं मी. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग म्हटलं, कार्डाला ही पोरगी जुमानत नाही, पण वर्तमानपत्राच्या ह्या पुरवणीचा अंक दर आठवड्याला तिच्या घरी येतो आणि ती तो शेवटच्या ओळीपर्यंत वाचते, तेव्हा इथेच लिहावं. तुझं नाव घालत नाही. इतर वाचणाऱ्यांनी एवढंच समजावं की एक म्हातारी आपल्या पुतणीला रागे भरते आहे, आणि रागे भरता भरता आपल्या गेलेल्या नणंदेविषयी सांगते आहे.

माझ्या नणंद, आमच्या वन्सं, माघात गेल्या. दौलतगंजातल्या आमच्या राममंदिराचा रामनवमीचा नैवेद्य ज्यांनी वर्षानुवर्षं रांधला त्या. इथल्या लश्कर भागातल्या निम्म्या दक्षिणी घरांनी त्यांच्या हातचा प्रसाद खाल्लेला आहे, म्हणून त्यांच्याविषयी लिहायला मला परकं वाटत नाही. गेल्या त्या छातीत सर्दी उतरून. पाच दिवस ताप, दोन्ही बाजूंनी कफ, वय सत्तरीच्या पलीकडचं. तरी तेराव्याला बायका पानावर बसून कुजबुजल्याच, “शेवटी त्या सुयांनीच घेतलं हो.” तू त्यांच्याच पंक्तीत होतीस. मला हे आधीच माहीत होतं, की असं बोललं जाईल. म्हणून चौथ्या दिवशी कंपू भागातल्या दवाखान्यातले नवे डॉक्टर घरी आले, तेव्हा मी त्यांना म्हटलं, छाती बघितलीत, आता जीभही बघा. ते म्हणाले, “आजी, जिभेचं काय आता?” मी म्हटलं, बघा तुम्ही. त्यांनी खाट खिडकीशी ओढून, चमच्याने दाबून, डावी कड नीट बघितली. एक पांढुरका वण होता, कापलेलं बोट भरून आल्यावर राहतो तसा. बोटाने चाचपला. “साफ आहे,” म्हणाले, “कधीची गोष्ट?” मी म्हटलं, बारा वर्षं झाली. पुन्हा एकदा बघितलं त्यांनी, स्वतःसाठी.

आता तुला ते बारा वर्षांपूर्वीचं पहिल्यापासून सांगते, कारण तू तेव्हा नव्या लग्नाची, सासरी होतीस, आणि तुला जे कळलं ते इकडून तिकडून कळलं.

आपल्या घरात मिश्रीची डबी कधी रिकामी नसे. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, वस्त्रगाळ करायची, आणि सकाळ-दुपार-संध्याकाळ बोटाने दातांना लावून बसायचं. दात घासायचं नुसतं निमित्त. दक्खनेतून आपल्या पणज्या इकडे आल्या तेव्हा पूजेच्या भांड्यांबरोबर ही सवयही बांधून घेऊन आल्या असाव्यात, कारण इकडच्या बायका आपल्याला त्यावरून हसतात. वन्सं बालविधवा, तेराव्या वर्षी माहेरी परत आलेल्या. त्यांना दुसरा शौक कसला असणार. दुपारी ओट्याच्या आतल्या बाजूला बसून मिश्री लावायच्या, डाव्या गालात ती तशीच धरायच्या. आणि मांडीवर तू. तुझी आई गेल्यावर तू त्यांच्याच मांडीवर वाढलीस. आठव्या वर्षी त्यांच्या डबीत तू बोट बुडवलंस, तेव्हा त्या हसल्या होत्या. मीही हसले होते. हे मी विसरलेले नाही.

त्या वर्षी संक्रांत झाली आणि त्यांचं बोलणं कमी झालं. आमच्या घरात ते लक्षात न येणं शक्य नव्हतं. एरवी भाजीच्या देठावरून त्या मला अर्धा तास सुनवायच्या. आता नुसत्या देठ उचलून माझ्यासमोर ठेवायच्या. मग ताक सोडलं. आमटी बाजूला सारून दूधभात कालवायला लागल्या, आणि उजव्या गालानेच चावायच्या. मी चैत्र लागेपर्यंत धीर धरला आणि एका दुपारी मिश्रीच्या वेळी समोर जाऊन बसले.

“वन्सं, तोंड उघडा बघू.”

“मी काय मेळ्यातली घोडी आहे, दात बघायला?”

“रक्त येतंय. पदराला लागलेलं मी धुतलं आहे.”

त्यांनी डबीचं झाकण लावलं. मग म्हणाल्या, “येतं. रामनवमी होऊ दे.”

“कधीपासून आहे?”

“तुला सांगितलं असतं, तर तू माझ्या भावाला सांगितलं असतंस, त्याने देवळात सांगितलं असतं. वाहती जखम तोंडात घेऊन मला चुलीपाशी कोण उभं करणार होतं, यमुने?”

ही अशी गोष्ट. अंगावर वाहती जखम असली की सोवळ्यातला स्वयंपाक करायचा नाही, हा नियम. आणि नैवेद्य हे त्यांचं सगळं होतं. तो एक दिवस सारं देऊळ, मोठमोठे सरदार, कचेरीतले हुद्देदार, त्यांच्या हाताकडे बघत बसायचे. तेवढ्यासाठी संक्रांतीपासून चैत्रापर्यंत त्यांनी तो फोड गालाआड दाबून धरला. मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. रामनवमी झाली, पुरण नेहमीसारखं झालं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांनी तांगा बोलावून आम्हां दोघींना कंपूत नेलं.

तेव्हाचे डॉक्टर आपल्यातलेच, विलायतेहून शिकून आलेले, उंच, हळू बोलणारे. त्यांनी कुठला दात टोचतो ते विचारलं. डावी दाढ, अर्धी तुटलेली, तिची धार जिभेला नेमकी तिथेच लागत होती. गळ्याच्या खाली, जबड्याखाली बोटं दाबून दाबून बघितलं, आणि तिथे गाठ नाही म्हणाले, तेव्हा त्यांचा चेहरा जरा सैल झाला. फोडाचा दाण्याएवढा तुकडा काढून बाहेरगावी तपासायला पाठवला. उत्तर यायला पंधरा-वीस दिवस लागले. ह्यांनी ते कचेरीतून येताना आणलं आणि दारातच उभे राहिले. त्या आजाराचं नाव आमच्यात कुणी मोठ्याने घेत नसे. ह्यांनीही नाही घेतलं. वन्संच म्हणाल्या, “आत ये आधी, ऊन लागतंय. कर्करोगच ना?”

डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक, सुरीने अर्धी जीभ कापायची. दुसरी, रेडियमच्या सुया. मी कोपऱ्यात उभी होते, मला सगळं आठवतं.

“किती सुया?” वन्संनी विचारलं.

“दहा. फोडाच्या भोवती, जिभेतच खोचायच्या. शेताला कुंपण घालतो तशा. सात दिवस तशाच ठेवायच्या.”

“आणि करतात काय त्या?”

“त्यांच्यात रेडियम आहे. दिसत नाही, वास नाही, पण आजूबाजूचा आजार जाळतं. चांगलं मांसही थोडं भाजतं, ते मागाहून भरून येतं.”

“गिळली गेली एखादी तर?”

“म्हणून प्रत्येकीच्या नाकात दोरा ओवलेला असतो. तो जिभेला टाचतो आणि टोकं गालावर चिकटवून ठेवतो.”

“दोरा सुती का रेशमी?”

डॉक्टरांनी वर बघितलं. “रेशमी. काळं रेशीम.”

“मग चालेल,” वन्सं म्हणाल्या. रेशीम सोवळ्याला चालतं ना. तांग्यात बसल्यावर हे हसायला लागले, पंधरा दिवसांत पहिल्यांदा, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. वन्सं म्हणाल्या, “हसतोस काय, सुती म्हणाला असता तर मी उठून आले असते.” आल्या असत्या. मी त्यांच्याबरोबर चाळीस वर्षं काढली आहेत.

उठायच्या आधी त्यांनी आणखी एक विचारलं होतं, की बोलता येईल का पुढे. डॉक्टर म्हणाले, “बहुतेक येईल. पण तोंड कोरडं पडेल आणि चव काही महिने जाईल. खोटं सांगत नाही.” त्यावर वन्सं म्हणाल्या, “नैवेद्य मी चाखतच नाही.” तेव्हा मी ते कानाआड केलं. पुढे आठवलं.

सुया काही इथल्या नव्हत्या. बाहेरून, काही दिवसांच्या बोलीवर, शिशाच्या पेटीत आल्या. पेटी पानदानाएवढी, पण उचलायला माणूस वाकला तो कण्हूनच उठला. त्याआधी वन्संचे वाईट दात काढून झाले होते, तोंड भरलं होतं. मग एके सकाळी त्यांना औषध हुंगवून निजवलं आणि तासाभराने बाहेर आणलं. मी बघितलं. जीभ सुजून ओठाशी आलेली, आणि डाव्या गालावर दहा काळे दोरे पट्टीखाली ओळीने चिकटवलेले. त्यांची शुद्ध आल्यावर मार्था सिस्टर आल्या. मद्रासकडच्या, काळ्यासावळ्या, चापून नेसलेल्या, आमच्याशी हिंदीत बोलायच्या. त्यांनी मला दारात उभं करून नियम सांगितले. “बहनजी, काम हो तो अंदर, काम खत्म तो बाहर. पास में बैठना नहीं. और सुनो, इस कमरे से कोई चीज़ बाहर नहीं जाएगी जब तक मैं न देख लूँ. न कपड़ा, न रुई, न ये कटोरा. हर चार घंटे में मैं डोरे गिनूँगी.” मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं.

सात दिवस बोलायचं नाही. लिहिता वन्संना येत नव्हतं आणि मला तेव्हा अडखळत वाचता येत होतं, एवढंच, वाण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून शिकलेलं. मग त्यांनी आपली वाट काढली. घरून येताना त्यांनी स्वतःचं पितळी फुलपात्र आणलं होतं, कारण दवाखान्याच्या पेल्याला तोंड लावायचं नव्हतं. मी व्हरांड्यात बसायची, आणि आत त्या ते फुलपात्र खाटेच्या लोखंडी कडेवर ठोकायच्या. एक ठोका म्हणजे पाणी. दोन म्हणजे खालचं भांडं. तीन ठोक्यांचा अर्थ मला दुसऱ्या दिवशी कळला. मी उशी उलटी लावली होती, तर तीन ठोके, आणि बोट माझ्या कपाळाकडे. तीन म्हणजे ‘तू मूर्ख आहेस’. दिवसातून पाच-सहा वेळा तरी तीन ठोके पडायचे. सिस्टर विचारायच्या, ये तीन बार क्या माँगती हैं? मी सांगायची, आशीर्वाद देतात.

पाणी मात्र त्या फक्त माझ्या हातचं घ्यायच्या. सिस्टर चोचीचा पेला घेऊन आल्या की डोळे मिटून पडायच्या. आणि त्या वाडग्याचं त्यांना फार लागायचं. तोंडातून सारखी घट्ट लाळ यायची, ती कापसाने टिपून वाडग्यात टाकायची, आणि तो वाडगा सिस्टर येऊन बघेपर्यंत तसाच राहायचा. आपलं उष्टं कुणी परक्याने उघडून बघायचं, चिमट्याने चिवडायचं, हे त्यांना सहन होईना. चौथ्या दिवशी सकाळी वाडगा भरला होता. त्यांनी तो मला दाखवला, बाहेर बोट केलं. मी नाही म्हटलं. तीन ठोके. मी पुन्हा नाही म्हटलं. पुन्हा तीन, आणि डोळ्यांत पाणी. मला वाटलं, एवढ्याने काय होतंय… मी तो पदराआड घेतला, मागच्या अंगणात कडुलिंबाखाली राखेचा ढीग होता तिथे ओतला, वर राख लोटली, वाडगा घासून परत आणून ठेवला.

घटकाभराने सिस्टर आल्या. दोरे मोजले. पुन्हा मोजले. नऊ होते.

पुढचं सगळं फार भरभर झालं. दारं बंद झाली. डॉक्टर आले. चादर, उशी, कपडे, सगळं झटकून झालं. वाडगा कोरडा ठणठणीत बघून सिस्टरनी विचारलं, ये किसने साफ़ किया? आणि मी गप्प बसले. तुला खरं सांगते, मी भ्याले. रेडियमची सुई म्हणजे काय मोलाची वस्तू असते ते मी ऐकलं होतं, ती दुसऱ्यांची होती, आणि ती हरवली तर उद्या डॉक्टरांवर काय येईल, उरलेल्या सुया तरी वन्संच्या तोंडात राहू देतील का, हे सगळं एकदम डोक्यात आलं. तोवर कुणीतरी झाडूवालीला बोलावून आणलं होतं. रामप्यारी तिचं नाव. दवाखान्यातला एक बाबू तिच्या अंगावर ओरडत होता, तूच वाडगा नेलास, तूच कुठे फेकलंस. ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, “मैं तो अभी आई हूँ मालिक, मैंने हाथ नहीं लगाया.” आणि मी तिथेच उभी, दोन हातांवर.

तेव्हा फुलपात्र वाजलं. तीन नाही, चार नाही, ते वाजतच राहिलं. खाटेचं लोखंड घणघणायला लागलं, सगळे वळले. वन्सं उठून बसल्या होत्या, जीभ बाहेर, गालावर दोरे. त्यांनी आधी आपल्या छातीवर हात ठेवला. मग माझ्याकडे बोट केलं. मग रामप्यारीकडे बघून मान हलवली, नाही, ही नाही. जिची सावली पडली तर ज्यांनी पुन्हा अंघोळ केली असती, त्या.

मी सांगितलं मग. सगळे कडुलिंबाखाली गेलो. डॉक्टरांनी कुणाला हात लावू दिला नाही. राख कशी पसरायची ते रामप्यारीनेच सांगितलं, तो ढीग तिच्या रोजचा. लाकडी फळीने ती थराथराने राख ओढत गेली, आणि तिलाच काळ्या रेशमाचं टोक दिसलं. राखेत काळा दोरा दिसणं सोपं नाही, पण तिची नजर त्या ढिगाला सरावलेली. डॉक्टरांनी लांब चिमट्याने तो उचलला, खाली सुई लोंबत होती, अर्ध्या बोटाहून लहान. जिभेची सूज उतरायला लागली तेव्हा टाका सैल होऊन आणि गालावरची पट्टी लाळेने सुटून ती निसटली होती. डॉक्टरांनी तिला पेटीत टाकलं, मग उभ्या उभ्या कागदावर काही हिशेब मांडला, आणि म्हणाले की उरलेल्या नऊ काही तास जास्त ठेवू, तेवढ्याने भागेल. मला काही बोलले नाहीत. सिस्टर बोलल्या, भरपूर बोलल्या, आणि ते सगळं मला लागू होतं.

त्या दुपारी एक ठोका पडला. मी उठणार, तर वन्संनी हाताने थांबवलं आणि सिस्टरकडे बोट केलं. सिस्टरनी चोचीचा पेला आणला. वन्संनी तो नको म्हणून आपलं फुलपात्र पुढे केलं, सिस्टरनी त्यात पाणी ओतलं आणि त्यांनी ते त्यांच्या हातून घेतलं. का, ते त्यांनी पुढे बारा वर्षांत कधी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. घरी आल्यावर एवढंच म्हणाल्या होत्या, “तुझ्याकडे बोट केलं म्हणून राग आला का ग?” मी म्हटलं, आला. तर म्हणाल्या, “येऊ दे. जाईल.”

सातव्या दिवशी, वर ते जास्तीचे तास धरून, सुया काढल्या. दोरा धरून एकेक ओढली, अर्ध्या घटकेचं काम. तुला घाबरवायचं नाही, पण लपवायचंही नाही, खरा त्रास त्यानंतर झाला. दोन आठवड्यांनी जिभेवर पांढरी साय धरली, आतून आग, थंड दुधाचा घोटसुद्धा उतरेना. महिनाभर त्या पातळ पेजेवर राहिल्या. मग साय सुटत गेली, खालचं मांस लाल, मग गुलाबी झालं, आणि आषाढाच्या सुमारास फोडाच्या जागी नुसता खळगा राहिला. बोलणं परत आलं, थोडं जड, पण भाजीच्या देठापुरतं भरपूर.

चवीचं मात्र आम्हांला कळलंच नाही. त्या पूर्वीसारख्या स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. नैवेद्य चाखायचा नसतो, म्हणून जन्मभर त्यांनी मीठ हाताच्या अंदाजाने आणि वासाने घातलेलं, त्यामुळे पदार्थात तसूभर फरक नाही. एक दिवस आमटी मी केली आणि मीठ दोनदा पडलं. ह्यांनी पहिला घास घेऊन पाण्याकडे हात नेला, मी तर थुंकलेच. वन्सं शांतपणे भात कालवून जेवत होत्या.

“वन्सं, खारट नाही लागत?”

“मला काहीच लागत नाही,” त्या म्हणाल्या. “तीन महिने झाले. तू सांगितलं नसतंस तर मी ती देवळातही वाढली असती.”

सांगितलं का नाही, असं ह्यांनी विचारलं. तर म्हणाल्या, “मेली असती तर काय लागणार होतं?” दिवाळीला त्यांना पहिल्यांदा गोड लागलं, करंजीचं सारण. मग आंबट. मीठ सगळ्यात शेवटी आलं, पुढच्या फाल्गुनात. चैत्रात त्यांनी रामनवमीचा नैवेद्य केला, आणि त्यानंतर आणखी दहा केले. तोंडाचा कोरडेपणा काही गेला नाही. म्हणून ते फुलपात्र कायम उजव्या हाताशी, पाण्याने भरलेलं. दर दोन वाक्यांना एक घोट. खाटेवर आपटून आपटून त्याच्या कडेला पोचा पडला होता, तो त्यांनी ठोकून घेतला नाही. मिश्रीची डबी त्यांनी दवाखान्यातून आल्याच दिवशी ओट्यावरून मोरीत उपडी केली. मी तेव्हाच माझीही सोडली, तीन दिवस डोकं दुखलं, मग नाही.

आणि तू नाही सोडलीस. दर खेपेला तू इथून परत जायला निघालीस की त्या तुझी पिशवी चाचपायच्या, आठवतं का? तू हसायचीस. त्यांना वाटायचं तुझ्या बोटाला ती डबी त्यांनीच दाखवली. शेवटच्या दिवसांतही तेच. तिसऱ्या दिवशी, श्वास होता तोवर, मला म्हणाल्या, “पोरीला सांग, दाखव म्हणावं. मी लपवलं तसं लपवू नको म्हणावं.” मी म्हटलं, तिला काही झालेलं नाही वन्सं, ती बरी आहे. मला काय ठाऊक तेव्हा. त्यांनी माझ्याकडे बघितलं. बोलायला दम नव्हता. हात सरकवत सरकवत फुलपात्रापर्यंत नेला आणि खाटेच्या कडेवर ठोकलं. एक… दोन… मला वाटलं पाणी हवंय की भांडं, मी उठले. मग तिसरा पडला. मी खाली बसले. त्यानंतर त्या काही बोलल्या नाहीत.

तेराव्याला तू माझ्यासमोर बसून आमटी बाजूला सारलीस, दूधभात कालवलास आणि उजव्या गालाने चावत राहिलीस. मी वाढप थांबवून बघत होते. तुला वाटलं काकू रडते आहे.

फोड काहीही असेल. उष्णतेचाही असेल, टोकदार दाताचाही असेल, डॉक्टर म्हणतील काही नाही आणि आपण दोघी येताना बाजारातून भाजी घेऊन येऊ. पण ते डॉक्टरांनी म्हणायचं, तू नाही. नव्या डॉक्टरांशी मी बोलले आहे, सकाळच्या वेळी गेलो तर रांग नसते. मार्था सिस्टर आता मुरारला राहतात, काम सुटलंय त्यांचं, पण मी निरोप पाठवला तर म्हणाल्या, बुलाओ, मैं साथ चलूँगी. डाव्या कडेला किती दिवस झाले, हे मोजून ठेव. डबी येतानाच मोरीत रिकामी कर. मुलांना घेऊन ये, नाहीतर सासूबाईंपाशी ठेव, मी त्यांना पत्र लिहिते.

वन्संची जागा ओट्याच्या आतल्या बाजूला तशीच आहे. त्यांचा पाट भिंतीला लावून ठेवलाय. फुलपात्र मी अजून रोज संध्याकाळी भरते आणि सकाळी तुळशीला ओतते, सवयीने, दुसरं काही नाही. काल भरताना ते हातातून निसटून ओट्याच्या कडेवर आपटलं, वाजलं, आणि मी पटकन ‘आले’ म्हणाले. मग एकटीच हसले.

तेव्हा इथे उभी राहून मी ते उचललं आहे, आणि ओट्यावर ठोकते आहे. मोज. एक, दोन, तीन. झाशीपर्यंत ऐकू आलं असेल तर उत्तर लिहीत बसू नको. येत्या सोमवारच्या सकाळच्या गाडीने ये, तांगा मी स्टेशनवर पाठवते.